चटणी जेवणाबरोबर येते

बारमध्ये जेवण मिळू नये, या माझ्या मताला जुळे सोलापुरात आजवर एकाही माणसाने पाठिंबा दिलेला नाही. पिणाऱ्यांनी नाही, न पिणाऱ्यांनी नाही, आणि बारमालकांनी तर नाहीच. घरी हे मत पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा ही म्हणाली, "म्हणजे रिकाम्या पोटी ढोसायची परवानगी मागताय का?" मुद्दा तिच्या लक्षात आला नव्हता हे उघड होतं; पण भाकरी तीच थापत असल्यामुळे मी तो ताणला नाही.

इथे नीट मांडतो. बारमध्ये खायला असावं, जेवायला नसावं. दारूच्या शेजारी जे ठेवतात त्याला चकणा म्हणतात आणि तो मूठभर असतो. शेंगदाणे, फुटाणे, काकडीच्या चार फोडी, फार तर मीठ-मिरपूड लावलेलं उकडलेलं अंडं. ते उचलायला ताट लागत नाही, वाटी लागत नाही, बोलणं थांबवावं लागत नाही. ज्याला मांडी ठोकून, तुकडा मोडून, रश्शात बुडवून खावं लागतं ते जेवण. त्यासाठी माणसाने फार पूर्वी घर नावाची सोय करून ठेवलेली आहे आणि तिचे हप्ते अजून चालू आहेत.

विजापूर रोड आणि होटगी रोड यांच्या मध्ये आमची वसाहत पसरलेली आहे. बँकेतून, एसटीतून, शाळांतून निवृत्त झालेली माणसं प्लॉट घेऊन इकडे आली आणि झाडं लावून, गेट रंगवून स्थिरावली. नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे कुठलाही द्रव पदार्थ दिसला की भरून ठेवायचा, ही इथल्या माणसाची वृत्ती झाली आहे. हे माझं निरीक्षण नाही, आमच्या कंपूतल्या निवृत्त मास्तरांचं आहे. बार अँड रेस्टॉरंट किती आहेत ते मोजायच्या फंदात मी पडलेलो नाही. आसरा चौकातून संध्याकाळी निघालेला माणूस सैफुलपर्यंत कोरडा पोचला, तर त्याच्या मनोनिग्रहाचा तो पुरावा समजावा, एवढंच म्हणतो.

यातल्या एकाही पाटीवर नुसतं 'बार' असं लिहिलेलं नसतं. 'फॅमिली रेस्टॉरंट', 'गार्डन रेस्टॉरंट', 'शुद्ध शाकाहारी व मांसाहारी' अशी नावं पुढे, आणि 'बार' मागून, एखाद्या शब्दाला धरून आत शिरल्यागत. आत बसलं की हातात मेन्यूकार्ड येतं. प्लॅस्टिक चढवलेलं, कोपऱ्यांना तेलकट, पानं भरपूर. सूप, स्टार्टर्स, तंदूर, चायनीज, अंडा, व्हेज, मटण, मासे (समुद्र इथून कोसच्या कोस लांब असूनही), भात, रोटी, आईस्क्रीम. दारू शेवटच्या पानावर, शुद्धिपत्रकासारखी. आपण आलो कशाला होतो याचा विसर पडावा, इतकी चोख व्यवस्था.

त्यातून वेटर विचारतो, "खायला काय आणू?"

हा प्रश्न तो प्यायला काय हे विचारायच्या आधी विचारतो. पहिला घोट घेतल्यावर विचारतो. समोरची बशी अर्धी असताना विचारतो. मास्तर जुन्या हेडमास्तरांची गोष्ट रंगात येऊन सांगत असतात, ऐन मोक्याच्या वाक्याला तो कानाशी येतो आणि म्हणतो, "पनीर चिली गरम आहे, आणू का?" पनीर चिली गरम असणं ही त्या क्षणी कोणाचीच गरज नसते. पण नाही म्हणायला चौघांनाही संकोच वाटतो, आणि ती येते. लाल, चिकट, वर कांद्याची पात. चिकन चिली, मशरूम चिली, बेबीकॉर्न चिली यांचा तांबडा रस्सा तोच. आत काय आहे ते बिलावरून कळतं.

मसाला पापडाविषयी वेगळं बोललं पाहिजे. हा पदार्थ खाण्यासाठी नसून कोसळण्यासाठी आहे. भाजलेला उडदाचा पापड, त्यावर बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, तिखट, थोडी शेव. टेबलावर ठेवल्यापासून त्याच्याकडे मिनिटभर असतं. तेवढ्यात टोमॅटोचं पाणी खाली उतरतं आणि पापड मधोमध बसतो. पहिला हात घालेल त्याला कोरडा कोपरा मिळतो, दुसऱ्याला कांदा, तिसऱ्याच्या मांडीवर टोमॅटो पडतो. चौथ्याला बिल येतं. साठ रुपये. घरी हाच पापड मी गॅसवर भाजला तर त्याची किंमत कोणी विचारत नाही. फक्त जाळी कोणी काळी केली एवढंच विचारतात.

आणि ग्रीन सॅलड. काकडीच्या चकत्या, गाजराच्या चकत्या, कांद्याची चक्रं, लिंबाची एक फोड, मधोमध एक मिरची. मंडईतून स्वतः भाजी आणणाऱ्या माणसाने बारमध्ये काकडीचा भाव आठवू नये. संध्याकाळ खराब होते.

हे सगळं इतरत्र कुठे घडलं असतं तर मी सोसलं असतं. पण हे सोलापूर आहे. दारूशेजारी ठेवायला म्हणूनच जणू जन्मलेली जोडी या गावात घरोघर आहे: कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ज्वारीची पातळ भाकरी पार कडक होईपर्यंत वाळवलेली. हातात घेतली की काडकन मोडते, आठवडेच्या आठवडे टिकते, सांडत नाही, आणि गार होण्याचा प्रश्न येत नाही कारण ती मुळात गारच असते. चटणी म्हणजे भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, मीठ, जिरं, आणि तेल सुटेपर्यंत कुटणं. भाकरीचा तुकडा मोडायचा, चटणी टेकवायची, तोंडात टाकायचा. हात ओला होत नाही, गोष्ट थांबत नाही. ही चटणी पिशव्या भरभरून पुण्या-मुंबईला जाते, पोरांच्या बॅगांतून अमेरिकेला जाते. रस्ता ओलांडून समोरच्या बारमध्ये जायला मात्र तिला जमत नाही.

का जमत नाही, ते मी एकदा वेटरला विचारलं.

"अण्णा, शेंगाचटणी आहे का?"

"आहे की."

"आण मग थोडी. आणि कडक भाकरी."

"ती जेवणाबरोबर येते, मालक."

"म्हणजे?"

"थाळी सांगितली की येते. मटण थाळी सांगा, व्हेज थाळी सांगा. नुसती नाही येत."

"अरे, पैसे लाव की वेगळे."

"कशाचे म्हणून लावू? मशीनमध्ये नावच नाही तिचं."

या मुद्द्याला उत्तर नव्हतं. ज्याचं नाव मशीनमध्ये नाही ते जगात नाही. चिकन मंचुरियनचं नाव आहे, म्हणून ते आहे. कॉन्ट्रॅक्टर मित्राने सुचवलं की एक व्हेज थाळी मागवू, चटणी काढून घेऊ आणि थाळी परत देऊ. तो बांधकामातला माणूस असल्याने साहित्य मागवून परत द्यायची त्याला सवय आहे. आम्ही थाळी मागवली. चटणी आली, चमचाभर, लोणच्याच्या शेजारी. बाकीचं आमच्यातला एलआयसीवाला जेवला.

माझी सगळी तक्रार या एका घटनेत मावते. जातिवंत चकणा जेवणाच्या ताटात नेऊन बसवला आहे आणि चकण्याच्या जागी बिर्याणी येऊन बसली आहे. दोघांनाही अवघडल्यासारखं होत असणार.

पण वेटरला बोल लावण्यात अर्थ नाही. हा घोळ वरून आलेला आहे, अगदी घटनेपासून. कलम ४७ मध्ये राज्याला दोन कर्तव्यं सांगितली आहेत: लोकांचं पोषण आणि आरोग्य सुधारणं, आणि मादक पेयांच्या सेवनाला बंदी आणण्याचा प्रयत्न करणं. पोषण आणि दारू एकाच कलमात. म्हणजे या दोघांना एका टेबलावर बसवण्याची पद्धत बारवाल्यांनी पाडलेली नाही. पुढे २००६ मध्ये अन्न सुरक्षा आणि मानके कायदा झाला. त्यात 'अन्न' कशाला म्हणायचं ते सांगताना बाटलीबंद पाणी, मद्य आणि च्युइंगगम यांची नावं घेऊन समावेश केला आहे. कायद्याच्या लेखी दारू हे अन्नच. तेव्हा बारमध्ये दारूबरोबर अन्न असावं की नसावं, हा वाद संसदेने केव्हाच मिटवला. मी हे कलम घरी मोठ्याने वाचून दाखवलं. "मग झालं की तुमचं जेवण," असं म्हणून हिने ताट उचललं.

राज्याचं चित्र याहून गमतीचं आहे. महाराष्ट्रात दारू विकली जाते ती दारूबंदी कायद्याखाली. १९४९ चा तो मुंबई दारूबंदी कायदा. नाव पुढे महाराष्ट्र दारूबंदी कायदा असं झालं, बंदी मात्र नावातून हलली नाही. या कायद्यानुसार पिणाऱ्याला स्वतःचा परवाना लागतो. एका दिवसाचा घ्या, वर्षाचा घ्या, आयुष्यभराचा घ्या. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा. बीअरला एकवीस वर्षं वय लागतं, व्हिस्कीला पंचवीस. म्हणजे मतदान, लग्न, नोकरी, गृहकर्ज हे सगळं उरकून मग माणूस व्हिस्कीला पात्र होतो, आणि तोवर त्याला तिची गरजही निर्माण झालेली असते. बसून प्यायच्या जागेला परमिट रूम म्हणतात, आणि परमिट रूमसाठी खाद्यगृहाचाही परवाना लागतो. सरकारचा विचार बहुधा असा असावा की माणूस जेवायला येईल आणि जेवताजेवता त्याच्या हातून चुकून एखादा पेग होईल.

या व्यवस्थेत शहाणपणाने वागणारी एकच जागा मी पाहिली आहे आणि तिला समाजात काडीचा मान नाही. देशी दारूचं दुकान. आत दारू, बाहेर हातगाडी. गाडीवर उकडलेली अंडी, चणे, तळलेले मासे, कागदाच्या तुकड्यावर मीठ. दुकानदार अंड्यात लक्ष घालत नाही, गाडीवाला दारूत लक्ष घालत नाही. दोघांचे धंदे वेगळे, गल्ले वेगळे, माणूस एकच. मेन्यूकार्ड कोणी मागत नाही. 'खायला काय आणू?' असं विचारायला कोणी येत नाही. ज्याला हवं तो दोन पावलं चालतो. आमच्यासारख्या पेन्शनरांना मात्र तिथे उभं राहण्याची सोय नाही, कारण आपला कुठलातरी माजी विद्यार्थी रिक्षा घेऊन तिथून जात असतो. निदान मास्तरांचा तरी असतोच.

इतिहासात सोलापूरने हा विषय थट्टेने घेतलेला नाही. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर गाव पेटलं, रूपाभवानी मंदिराकडची शिंदीची झाडं तोडायला लोक निघाले, गोळीबार झाला, शहरावर मार्शल लॉ आला. आणि त्या दिवसांतल्या घटनांच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेले. चार हुतात्मा चौकात त्यांचे पुतळे आहेत. त्या लोकांनी प्रश्नाच्या मुळावर कुऱ्हाड घातली होती. त्याच गावात आम्ही मसाला पापड मोडला तर पैसे कोणी द्यायचे यावर तासभर बोलतो. याला प्रगती म्हणायचं की काय, ते मी मास्तरांवर सोपवलं आहे. त्यांनी अजून निकाल दिलेला नाही.

बिलाकडे येतो. बिल एक नसतं, दोन असतात. खाण्यावर जीएसटी; मानवी सेवनाचं मद्य जीएसटीच्या बाहेर ठेवलेलं असल्यामुळे पिण्यावर राज्याचा व्हॅट. एका टेबलावर, एका बशीच्या अल्याड-पल्याड दोन करप्रणाली. पाकिटात दोन चिठ्ठ्या, बडीशेपेची एक वाटी. आमच्यातला एलआयसीवाला पीत नाही. तो दोन्ही चिठ्ठ्या चष्मा लावून वाचतो आणि म्हणतो, "मी फक्त जीएसटीत आहे बे." तत्त्वतः त्याचं बरोबर आहे. पण जीएसटीच्या चिठ्ठीत तो एकटाच आहे म्हटलं तरी चालेल, कारण तंदुरी त्याने खाल्ली, बिर्याणी त्याने खाल्ली, थाळीही त्यानेच संपवली होती. आम्ही त्याला बोलत नाही. परतताना स्कूटर तो चालवतो. न पिणाऱ्या माणसाला बारमध्ये काहीतरी उद्योग हवा म्हणून जेवण असावं, हा एकच युक्तिवाद मला थोडाफार पटलेला आहे.

जेवणाची सक्ती केली की काय होतं, हे इतरांनी करून पाहिलेलं आहे. न्यूयॉर्क राज्यात १८९६ साली रेन्स कायदा आला. रविवारी दारू फक्त हॉटेलात आणि फक्त जेवणाबरोबर. झालं, टेबलावर सँडविच येऊ लागलं. ते कोणी खात नसे. एका गिऱ्हाइकाचं झालं की तेच उचलून पुढच्या टेबलावर, मग त्याच्या पुढच्या. कायद्याचं समाधान करून ते सँडविच रात्री परत आपल्या जागी. इंग्लंडात डिसेंबर २०२० मध्ये कोविडच्या निर्बंधांत बऱ्याच भागांत असा नियम होता की पबमध्ये दारू हवी तर भरीव जेवण घ्या. मग भरीव म्हणजे काय, यावर देश बसला. 'स्कॉच एग' म्हणजे उकडलेल्या अंड्याला खिम्याचं आवरण देऊन, ब्रेडचा चुरा लावून तळतात ते; हे जेवण धरावं का? पर्यावरणमंत्री जॉर्ज युस्टिस यांना रेडिओवर विचारलं गेलं, आणि टेबलावर आणून वाढलं तर बहुधा धरता येईल, असा त्यांनी निर्वाळा दिला. आमच्याकडे हेच अंडं, आवरण सोडून, देशी दुकानाबाहेरच्या गाडीवर मिळतं. त्याबद्दल मंत्र्यांना कोणी त्रास देत नाही.

मला कोणी म्हणेल, रिकाम्या पोटी दारू चढते. चढते. दारू शोषली जाते ती मुख्यतः लहान आतड्यात. पोटात अन्न असलं की ती जठरात रेंगाळते आणि रक्तात सावकाश पोचते. त्यामुळे खाऊन प्या, हा डॉक्टरांचा सल्ला खरा आहे आणि हिचाही. पण डॉक्टरांनी सांगितलेलं अन्न आणि बारवाल्याने दिलेलं अन्न एक नव्हे. बारवाल्याच्या शेंगदाण्यांत मीठ असतं. मिठाने तहान लागते. तहान लागली की वेटर पाणी आणायला विसरतो.

जेवणामुळे होणारा खरा उपद्रव अजून सांगितलेला नाही. जेवण आहे म्हणून फॅमिली सेक्शन आहे. मध्ये लाकडी चौकटीत दुधी काच. पलीकडे एसी, लहान मुलं, पनीर बटर मसाला, कुणाचातरी वाढदिवस. अलीकडे आम्ही. स्वयंपाकघर एक, वेटर एक, आणि हात धुवायचं बेसिनही एकच. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सहकुटुंब जेवायला येतात. जगात कुठेही सापडत नाहीत, मेंटेनन्सच्या चेकवर सहीला हवे असतील तेव्हा तर मुळीच नाही, पण त्या बेसिनपाशी हमखास सापडतात.

"जेवायला?" ते विचारतात.

"जेवायलाच," मी म्हणतो. "तुम्ही?"

"जेवायलाच."

ते खरं बोलत असतात आणि मीही बऱ्यापैकी. मग टिश्यू पेपर कोणी आधी घ्यायचा यावर थोडी औपचारिकता होते. बारमध्ये जेवण नसतं तर सेक्रेटरी आले नसते. आलेच असते तर मग कोणी कोणाला काही विचारलं नसतं.

शिवाय घरचा फोन. "जेवायला येणार का जेवून येणार?" प्रश्न साधा आहे पण तो साडेआठला येतो, जेव्हा टेबलावर काय होणार आहे हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. 'येणार' म्हणावं तर वेटर तंदुरी घेऊन उभा असतो. 'जेवून येतो' म्हणावं तर त्या दिवशी नेमकी घरी शेंगाची पोळी असते. 'येणार' म्हणून जेवून गेलं की भाकरी उरते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भाकरीचा कुस्करा नाश्त्याला समोर येतो. त्यावर घरात कोणी एक शब्द बोलत नाही. बोललेलं परवडतं.

बारमधलं जेवण कोणाला हवं आहे, याची परीक्षा वर्षातून काही वेळा सरकारच घेतं. ड्राय डे. आषाढीचं उदाहरण घेत नाही, कारण पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात आणि त्या दिवशी अर्धा गाव उपाशी. दारूही नाही आणि जेवणारेही नाहीत, ही परीक्षा फार कडक झाली. २ ऑक्टोबर बरा. एका गांधीजयंतीला मी हिला घेऊन नेहमीच्या ठिकाणी मुद्दाम जेवायला गेलो. फॅमिली सेक्शनमध्ये, समोरच्या दाराने, ताठ मानेने. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या. वेटर मोबाइल बघत होता. आम्हाला पाहून दचकला.

"आज बंद आहे, मालक."

"जेवायला आलोय."

"जेवायला?" त्याने हिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नुसतं?"

तंदूर पेटवलेला नव्हता. आचारी गावी गेला होता. मेन्यूकार्डातली सगळी पानं जागच्या जागी होती आणि त्यातलं दाल फ्राय आणि भात एवढंच होऊ शकत होतं. शेंगाचटणी मात्र आली, वाटीभर, न मागता, कारण हे जेवण होतं. ही म्हणाली, चटणी चांगली आहे. इथे येऊन हेच खायचं होतं तर घरी काय वाईट होतं, असंही म्हणाली.

२०१७ मध्ये तर ही परीक्षा मोठ्या प्रमाणावर झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिलपासून महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतली दारूविक्री बंद झाली, आणि जुलैमध्ये महापालिका हद्दीला तो नियम लागू नाही असा खुलासा येईपर्यंत ठिकठिकाणी पाट्यांवरचा 'बार' कागद चिकटवून झाकला गेला. 'रेस्टॉरंट' तेवढं उघडं राहिलं. अवघ्या देशातलं तंदुरी, कढई, कोल्हापुरी आणि हैदराबादी त्या दिवसांत स्वतःच्या पायावर उभं राहायला मोकळं होतं. कुठे रांगा लागल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

एवढा पुरावा गोळा झाल्यावर मी गल्ल्यावर जाऊन मालकांशीच बोललो. शांत गृहस्थ. कपाळावर विभूती, समोर सिद्धरामेश्वरांचा फोटो, त्याला ताजा हार. मी सगळं सांगितलं: घटना, न्यूयॉर्क, शेंगाचटणी. त्यांनी ऐकून घेतलं आणि गिऱ्हाइकांचे सुटे पैसे देता देता म्हणाले, "दारूचा भाव माणसाला पाठ असतोय, मालक. शेजारी वाईन शॉप आहे, बाटलीवर छापलेला आहे. मी चार पैसे वर लावले की लगेच हिशोब काढतंय. लायसनची फी दरसाल भरायची ती भरायचीच, गिऱ्हाईक येवो न येवो." मग त्यांनी काचेखालचं मेन्यूकार्ड बोटाने वाजवलं. "पापडावर काही छापलेलं नसतं."

हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर घटनेपर्यंत जायची गरज पडली नसती. वेटर दर थोड्या वेळाने कानाशी का येतो, चटणी मशीनमध्ये का नाही, पनीर चिली सदैव गरम का असते, सगळ्याचा उलगडा झाला. पापडाविषयी माझ्या मनात थोडा आदरही उत्पन्न झाला. सबंध बार त्याच्यावर उभा आहे आणि तो मिनिटभरही उभा राहू शकत नाही.

"पण तुमची ती भाकरीची कल्पना चांगली आहे," मालक म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

पुढच्या महिन्यात नवं मेन्यूकार्ड आलं. एक पान वाढलं होतं. स्टार्टर्समध्ये, मसाला पापडाच्या वर, रंगीत चौकटीत: 'सोलापुरी नाचोज, तिखट शेंगा डिपसह, १९० रुपये'. लांबट पांढरी बशी, त्यात कडक भाकरीचे त्रिकोणी तुकडे उभे केलेले, मधल्या काचेच्या वाटीत चटणी, वर दही आणि, का कोण जाणे, चीज. दह्याने भाकरी मऊ पडते. पलीकडच्या टेबलावर पुण्याहून आलेली चार पोरं होती, त्यांनी दोन बशा मागवल्या आणि फोटो काढले. टेबलावर पूर्वी फुकट यायचे ते खारे शेंगदाणे त्याच दिवसापासून बंद झाले. वेटर म्हणाला, शेंगा आता डिपमध्ये जातात. चटणी जेवणाबरोबर येते का, असं मी विचारलं. तर म्हणाला, नाही मालक, आता तिचं नाव मशीनमध्ये आहे, थाळीबरोबर आता लोणचं येतं.

मित्रांनी यावर मला काही म्हटलेलं नाही. बिलाची वाटणी करताना ती १९० रुपयांची बशी तेवढी माझ्या नावावर धरतात, मागवलेली असो वा नसो. एलआयसीवाला म्हणतो, ही जीएसटीतच येते.